लुटीची तारीख चुकली

रशियाचा विषय निघाला की आपल्याकडच्या डाव्या मित्रांचं म्हणणं ठरलेलं असतं: 2 जानेवारी 1992 रोजी रशियाचे उपपंतप्रधान येगोर गायदार यांनी किमतींवरचं नियंत्रण उठवलं आणि सुखी देश भिकेला लागला. उदारीकरणवाल्यांचं उत्तरही पाठ झालंय: औषध कडूच असतं, रोगी वाचला ना? अण्णा भाऊ साठे 1961 साली जो देश पाहून आले, त्याच्याविषयी मराठी माणसाला जिव्हाळा आहे. म्हणून हा वाद आपल्याकडे अजूनही तापतो. माझ्या मते दोघांनीही लुटीची तारीख चुकीची धरली आहे.

आधी डाव्यांचं पाहू. 1991 मध्ये सुखी देश उरला होता कुठे? खुद्द मॉस्कोत साखर कुपनावर मिळत होती. दुकानात किमतीची पाटी सरकारी, पण माल गायब. तेलाचे भाव 1986 मध्येच कोसळले होते, गहू परदेशातून आणावा लागत होता आणि सरकार नोटा छापून पगार भागवत होतं. बाजारात घेण्यासारखं काही नव्हतं, म्हणून पैसा बचत बँकेत साठत गेला. त्या पुंजीला पहिला हात घातला तो गायदारांनी नव्हे, सोविएत पंतप्रधान पाव्लोव यांनी. 22 जानेवारी 1991 रोजी रात्री नऊच्या बातम्यांत जाहीर झालं की 50 आणि 100 रूबलच्या नोटा रद्द! बदलून घ्यायला तीन दिवस, तेही माणशी हजार रूबलपर्यंतच. नोटबंदी सोसलेल्या वाचकाला पुढचं सांगायला नको.

गायदारांच्या निर्णयानंतर वर्षभरात किमती सुमारे 26 पट झाल्या, म्हाताऱ्यांची आयुष्यभराची शिल्लक मातीमोल झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या शिल्लकेच्या मागे दुकानात माल नव्हता. ती आधीच पोकळ झाली होती. गायदारांनी तो पोकळपणा उघड्यावर आणला.

पण म्हणून दुसऱ्या बाजूला मोकळं सोडता येत नाही. रोगी वाचला म्हणता? रशियन पुरुषाचं सरासरी आयुर्मान 1990 मध्ये 64 वर्षांच्या आसपास होतं, 1994 मध्ये ते 58 च्याही खाली गेलं. एवढी घसरण सहसा युद्धात होते. गोर्बाचेव यांची 1985 ची दारूविरोधी मोहीम बारगळली आणि 1992 मध्ये दारूवरची सरकारी मक्तेदारीही उठली, हे त्यामागचं एक कारण. सगळा दोष मात्र बाटलीवर ढकलता येणार नाही. महिनोन्‌महिने पगार थकत होते. गूस-ख्रुस्ताल्नी या काचकामाच्या गावात कामगारांना पगाराऐवजी पेले आणि फुलदाण्या मिळत. ते सामान घेऊन माणसं येणाऱ्याजाणाऱ्यांना विकायला उभी राहत.

कुणालाही रस्त्यावर विक्रीची मुभा देणारा मुक्त व्यापाराचा हुकूम जानेवारी 1992 च्या अखेरीस निघाला. त्यानंतर मॉस्कोच्या मध्यभागी कडाक्याच्या थंडीत रांग लागली. कुणाच्या हातात सिगारेटची पाकिटं, कुणाच्या हातात लोकरी मोजे. काहींनी तो हुकूम वर्तमानपत्रातून कापून कोटाला टाचला होता, म्हणजे पोलिसाने हटकलं तर दाखवता यावा. गायदारांनी आपल्या आठवणींत हे कौतुकाने सांगितलं आहे. त्यांना तिथे उद्यमशीलता दिसली. त्यांच्या विरोधकांना त्याच रांगेत अपमान दिसला. मला दिसतो तो कोटाला टाचलेला कागद. आपला हक्क कागदावर असला तरी तो पोलिसाला दाखवावा लागणार, हे त्या माणसांना चांगलं ठाऊक होतं.

खरा प्रश्न मालमत्तेचा होता. कागदावर मिळालेली मालमत्ता तिथे आधीही हातची गेली होती: 1917 च्या हुकुमाने शेतकऱ्याला जमीन मिळाली आणि 1929 नंतर सामुदायिक शेतीच्या नावाखाली ती काढूनही घेतली गेली. आता ऑक्टोबर 1992 पासून सरकारी कारखान्यांत हिस्सा घेण्यासाठी प्रत्येक नागरिकाला 10,000 रूबलचं व्हाउचर मिळू लागलं. त्याची किंमत दोन व्होल्गा गाड्यांइतकी होईल, असं खासगीकरणाचे सूत्रधार अनातोली चुबाइस यांनी सांगितलं होतं. अनेकांनी ते वोदकाच्या बाटल्यांच्या बदल्यात देऊन टाकलं किंवा रातोरात बुडणाऱ्या फंडांत घातलं. नंतर 1995 च्या अखेरीस सरकारने बँकांकडून कर्ज घेतलं आणि तारण म्हणून उत्तमोत्तम कंपन्यांचे हिस्से लिलावाने त्यांच्याकडे ठेवले. कर्ज फेडलंच नाही, तेव्हा ते हिस्से हातचे गेले. नोरिल्स्क निकेल या खाण कंपनीचा 38 टक्के हिस्सा 17 कोटी डॉलरच्या कर्जावर गेला, आणि तो लिलाव पोतानिन या धनाढ्याच्याच बँकेने चालवून जिंकला. कम्युनिस्ट परत येऊ नयेत म्हणून हे करावं लागलं, हा चुबाइस यांचा बचाव. लोकशाही वाचवायला सरकारी खाणी मोजक्या धनिकांच्या हवाली करायच्या, हा कुठला न्याय?

याच काळात एक वाटप नीट झालं, पण त्याबद्दल कुणी बोलत नाही. जुलै 1991 च्या कायद्याने सरकारी घरांत राहणाऱ्यांना ती घरं फुकट स्वतःच्या नावावर करता आली. शहरातली कोट्यवधी कुटुंबं ख्रुश्चेवच्या काळातल्या दोन खोल्यांची मालक झाली. जोडीला गावाबाहेरचे सहा गुंठ्यांचे तुकडे होते, त्यांतल्या बटाट्यांवर हिवाळे निघाले. घर टिकलं, कारण राहणाराच मालक झाला. फसवायला मध्ये दलाल नव्हता. कारखान्यांच्या बाबतीत हे सोपं नव्हतं, पण 1995 चे लिलाव खुले आणि सचोटीचे करणं तरी सरकारच्या हातात होतं.

तेव्हा रशियन जनतेला महागाईने लुटलं असं यापुढे कुणी सांगितलं, तर त्याला 1995 चा नोव्हेंबर आणि डिसेंबर दाखवा. किमती मोकळ्या करणं अटळ होतं, खाणी मोजक्यांना देणं अजिबात नव्हतं. नोरिल्स्क निकेलचे सर्वांत मोठे भागधारक आजही पोतानिनच आहेत.