निदान होईपर्यंत वेदना का सोसायची?

सोलापुरात ‘सिव्हिल’ म्हटले की कोणते रुग्णालय, हे सांगावे लागत नाही. शहर, आसपासचे तालुके, धाराशिव आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही रुग्ण येथे येतात. अशा कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत बहुतेकांना वेदनाच घेऊन येते. मोडलेले हाड, मूतखड्याची कळ, भाजलेला हात. आणि तेथे नेहमी कानावर पडणारे वाक्य म्हणजे, ‘‘थोडं सोसा, आधी तपासण्या होऊ द्या.’’

यामागे जुनी शिकवण आहे. पोटदुखीत वेदनाशामक दिले तर लक्षणे झाकली जातात आणि निदान चुकते, असे डॉक्टरांच्या पिढ्यांना शिकवले गेले. इंग्लंडचे सर्जन झकरी कोप यांच्या १९२१ च्या ग्रंथातही हा इशारा होता. तेव्हा सोनोग्राफी नव्हती, सीटी स्कॅन नव्हते. पुढे झालेल्या चाचण्यांत मॉर्फिनसारखी औषधे दिल्याने चुकीचे निदान वाढल्याचे दिसले नाही. उलट कळ ओसरलेला रुग्ण पोट नीट तपासू देतो.

दुसरी भीती व्यसनाची. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे मॉर्फिन ठेवणे परवान्यांच्या जंजाळात अडकले. २०१४ च्या दुरुस्तीने वाट सोपी केली, भीती मात्र पुरती गेली नाही. देखरेखीखाली मोजून दिलेली मात्रा म्हणजे व्यसन नव्हे. शिवाय प्रत्येक वेळी मॉर्फिन लागतेच असे नाही. मोडलेल्या हाताला आधाराची पट्टी बांधली तरी दुखणे कमी होते. मूतखड्याच्या कळेवर, मूत्रपिंड ठीक असेल तर, डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन चांगले काम करते.

म्हणून नाडी आणि रक्तदाबाबरोबरच वेदनाही मोजली जावी : शून्य ते दहा. मराठी, कन्नड, तेलुगू बोलणाऱ्या सोलापुरात तर बोटांवर आकडा दाखवणे किंवा चेहऱ्यांच्या चित्रावर बोट ठेवणे सोपेच. औषधानंतर अर्ध्या तासाने पुन्हा विचारावे. याला यंत्र लागत नाही, खर्चही नाही. न रडणाऱ्या आजीची वेदनाही मग कागदावर येते.

नातेवाइकांनीही आधी घेतलेल्या गोळ्या, अ‍ॅलर्जी, मूत्रपिंडाचा किंवा अल्सरचा त्रास न विचारता सांगावा. छातीत दुखत असेल तर घरी गोळी घेऊन वाट पाहू नये, १०८ ला फोन करावा.

वेदना कमी करणे हा उपचाराचाच पहिला भाग आहे. त्यासाठी रुग्णाला रिपोर्टची वाट पाहायला लावू नये.