कार्ड मोफत, पण खर्च?

सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना पाच लाखांपर्यंत मोफत उपचार! २९ ऑक्टोबर २०२४ ला ही योजना सुरू झाली आणि आमच्या नामपुरातही बायका आनंदल्या. पण मैत्रिणींनो, मोफत म्हणजे नेमकं काय?

‘आयुष्मान वय वंदना’ कार्डाला उत्पन्नाची अट नाही, हप्ता नाही. जुना आजारही चालतो. मात्र पाच लाख वर्षाचे, तेही सासू-सासरे दोघं सत्तरीचे असतील तर दोघांत मिळून. योजनेतल्याच दवाखान्यात भरती व्हावं लागतं. घरी सोडल्यावर पंधरा दिवसांची औषधं मिळतात. पण बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या, ओपीडीची फी, मालेगाव-नाशिकची गाडी, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, हे सारं आपल्याच पदरचं.

आमच्या शेजारच्या आजी गावाच्या हिशेबानं पंचाहत्तरच्या, आधारवर अडुसष्टच्या! वय आधारवरूनच धरतात, म्हणून कार्ड मिळालं नाही. ऑपरेशनला मुलानं कांद्याचे पैसे घातले, सुनेनं पोत मोडली. रेशनकार्डावर महात्मा फुले योजना आहे, २०२४ पासून तीही पाच लाखांपर्यंत, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. मलाही उशिरा कळलं, याची खंत वाटते.

म्हणून आजच घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आधारवरची जन्मतारीख बघा. चुकली असेल तर पुरावा शोधून दुरुस्त करा. आणि भरती करण्याआधी १४५५५ वर फोन करून दवाखाना योजनेत आहे का, विचारा. आजारपण आल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे बरं, नाही का?