टिपणी कोणाची?

धोंडो केशव कर्वे यांनी ज्या हिंगण्याच्या माळावर लोकांकडून वर्गणी मागून संस्था उभी केली, तेथे आज कर्वेनगर वसले आहे. तेथील एखादा नागरिक महानगरपालिकेत जातो, आपल्या गल्लीतील रस्ता वर्षात दोनदा का उखडला याची फाईल दहा रुपये भरून मागतो, आणि तीस दिवसांत उत्तर देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक असते. ही गोष्ट आता कोणास नवलाची वाटत नाही. पण हा अधिकार कोणत्याही सरकारने उदारपणे दिलेला नाही.

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावण्या घेऊन खोट्या हजेरीपटांचा हिशेब मागितला. महाराष्ट्रात त्याच मागणीमागे अण्णा हजारे यांनी आपले उपोषण उभे केले. राज्याचा कायदा राष्ट्रपतींच्या संमतीसाठी अडला असता ते ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर बसले, आणि त्याच महिन्यात कायदा अमलात आला.

त्याहून मोलाचे ठरले ते ऑगस्ट २००६ मधील आळंदीचे उपोषण. देशाचा कायदा लागू होऊन वर्षही झाले नव्हते, तोच फाईलवरील टिपण्या त्याच्या कक्षेबाहेर नेण्याचा घाट केंद्र शासनाने घातला होता. निर्णय काय झाला हे आदेशावरून कळते. तो कोणाच्या शिफारशीने, कोणाचा आक्षेप डावलून झाला, हे टिपणीवाचून कळत नाही. भ्रष्टाचार दडतो तो नेमका तेथेच. ती दुरुस्ती शासनाला आवरती घ्यावी लागली.

२०११ च्या रामलीला मैदानावरील गर्दीपुढे आळंदी विसरली गेली, हे दुर्दैव होय. त्या गर्दीतून निघालेला लोकपाल कायदा २०१३ मध्ये संमत झाला, पण पहिला लोकपाल नेमला जाण्यास मार्च २०१९ उजाडला! वरून नेमावयाच्या पहारेकऱ्यापेक्षा खालून विचारला जाणारा प्रश्न सत्तेला अधिक जाचतो, असाच याचा अर्थ. आणि प्रश्न विचारणाऱ्यालाही हिशेब चुकत नाही. न्या. पी. बी. सावंत आयोगाने २००५ मध्ये मंत्र्यांवर ठपका ठेवला, तसाच हजारे यांच्याशी संबंधित संस्थांच्या कारभारावरही ठेवला. चळवळीने त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

प्रश्न विचारण्याची सवय व्यक्तीच्या उपोषणापलीकडे रुजावी, यासाठी पुण्यात धडपड झाली. दर सोमवारी दुपारी दोन तास नागरिकांना दफ्तर पाहू द्यावे, असा आदेश राज्य शासनाने २०१८ मध्ये स्थानिक संस्थांना दिला. अर्ज नाही, अपील नाही, उपोषण तर नाहीच. या मार्गाला प्रसिद्धी नाही. पण हजार नागरिक जर त्याने गेले, तर एकाला अन्न सोडण्याची पाळी येत नाही.

असे असता वरची पकड मात्र आवळत गेली. २०१९ च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांची मुदत व वेतन ठरविणे केंद्राच्या हाती गेले. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने तर व्यक्तिगत माहिती नाकारण्याची मुभाच विस्तारली. सार्वजनिक हिताचे कलम शिल्लक आहे हे खरे. पण ते हित ओळखणार तोच अधिकारी, ज्याच्याकडे माहिती मागितली आहे. आळंदीत जे दार उघडे राखले गेले, ते आता मागच्या बाजूने लोटले जात आहे. रस्त्याच्या फाईलवर ठेकेदाराचे नाव असते, देयक मंजूर करणाऱ्या अभियंत्याची स्वाक्षरी असते. ही नावेही ‘व्यक्तिगत’ ठरणार काय, याचे स्पष्ट उत्तर शासनाने संसदेत द्यावे.