ठेंगण्या मोटारीची फिर्याद

पावसाळा सरला की मुंबई-पुण्याकडून पत्रादेवीच्या नाक्यावरून आणि बेळगावकडून चोर्ल्याच्या घाटाने ज्या असंख्य मोटारी गोव्याच्या मुलुखात उतरतात, त्यांत जमिनीला जवळजवळ चिकटून धावणाऱ्या, दोन माणसांना ऐसपैस आणि तिसऱ्याला मुळीच न सामावणाऱ्या, बंगल्याच्या मोलाच्या स्पोर्ट्स कारही अलीकडे दृष्टीस पडू लागल्या आहेत. त्यांच्या धन्यांची एक तक्रार ठरलेली असते: सुमारे पाचशे किलोमीटरांचा कोकणातला प्रवास, त्यातील रखडलेली कामे आणि वळणमार्ग धरूनही, सुखाने झाला, परंतु महामार्ग सोडून पेडण्यातून मांद्रे-हरमलकडे वळल्यापासून, अथवा साखळीहून डिचोलीच्या अंतर्गत रस्त्यांवर शिरल्यापासून, मोटारीच्या पोटाने आणि आपल्या पाठीने जे सोसले त्याला तोड नाही. ऐकणारे हसतात, आणि त्यांचे हसणे स्वाभाविक आहे. ज्या तालुक्यांत संध्याकाळची बस चुकली तर घरी पोहोचण्याची पंचाईत होते, तेथे कोट्यधीशाच्या मोटारीला ओरखडा उठला म्हणून कोणी हळहळावे अशी अपेक्षा करणेच धाडसाचे ठरेल. तथापि फिर्यादी अप्रिय आहे एवढ्याच सबबीवर फिर्याद खारीज करणे मला मान्य नाही. कारण ही फिर्याद खरी आहे.

प्रथम एका रूढ समजाचा समाचार घेतला पाहिजे. स्पोर्ट्स कार म्हणजे लांबच्या प्रवासाला निरुपयोगी, हाडे खिळखिळी करणारे वाहन, अशी आपल्याकडे जवळजवळ सार्वत्रिक समजूत आहे. वस्तुतः या कुळातील एक मोठी शाखा लांबच्या प्रवासासाठीच जन्माला आली. महायुद्धोत्तर इटलीत 'ग्रान तुरिस्मो' या नावाने ज्या मोटारी घडू लागल्या (१९५१ सालची लांचिया ऑरेलिया बी-२० ही त्यांतील आद्य मानली जाते) त्यांचा उद्देशच असा की, दोन माणसांनी आपले सामान घेऊन सकाळी निघावे, पर्वत ओलांडावा आणि संध्याकाळी समुद्रकाठी न थकता उतरावे. १९६३ साली फ्रांकफुर्टच्या प्रदर्शनात प्रथम दिसलेल्या पोर्शे ९११ लाही मागे दोन छोटी आसने आणि पुढे सामानाची जागा ठेवलेली होती, ती केवळ शोभेसाठी नव्हे.

मऊ म्हणजे सुखद, हे समीकरण दिवाणखान्यातील कोचापुरते खरे आहे; आठ तासांच्या प्रवासात ते टिकत नाही. मोठ्या प्रवासी मोटारीचे धड आपल्या स्प्रिंगांवर सेकंदाला साधारणतः एक ते दीड वेळा हेलकावते, स्पोर्ट्स कारचे दोनाच्या आसपास. आणि बसलेल्या मनुष्यदेहाला खालून-वर येणारी जी कंपने सर्वाधिक जाचतात, ती सेकंदाला चार ते आठ या पट्ट्यात असल्यामुळे, ताठ स्प्रिंगांची मोटार फुटलेल्या रस्त्यावर देहाला त्या पट्ट्याच्या अधिक निकट नेते, हे कबूल केले पाहिजे. परंतु रस्ता एकसारखा असेल तर चित्र उलटते. मळमळ ही जलद कंपनांतून नव्हे, तर काही सेकंदांतून एकदा येणाऱ्या मंद डोलण्यातून उपजते. आणि आंबोलीच्या किंवा चोर्ल्याच्या वळणांवर उंच, मऊ, सात आसनी गाडी ज्या रीतीने एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर कलंडत जाते, ते पाहिले म्हणजे मागील आसनावरच्या मुलांचे चेहरे पिवळे का पडतात हे सांगावे लागत नाही. ठेंगण्या मोटारीत हे कलणे जवळजवळ नसते. तिची बैठक मांडीला आणि कमरेला दोन्ही बाजूंनी धरून ठेवते, त्यामुळे प्रत्येक वळणावर तोल सावरण्याचे जे काम आपले स्नायू नकळत करीत असतात आणि ज्याचा हिशेब मुक्कामी पोहोचल्यावर पाठ मागते, ते काम येथे आसनच करते.

दोष आहेत, आणि ते लपविण्याचे कारण नाही. रुंद टायरांचा घरघराट सिंधुदुर्गातील सिमेंट काँक्रीटच्या पट्ट्यांवर, विशेषतः सांध्यांवरून जाताना, संभाषण अशक्य करतो. डिकीत दोन पिशव्यांपलीकडे काही मावत नाही. आणि साठी उलटलेल्या मनुष्याला या मोटारीतून उतरताना जी आसने करावी लागतात ती चारचौघांत करण्यासारखी नसतात. एका स्नेह्याच्या आग्रहाखातर हा अनुभव मीही घेतला असून, धारगळच्या चहाच्या दुकानासमोर उभे राहण्यास मला दुसऱ्याचा हात घ्यावा लागला. पण त्या क्षणापर्यंत पाठ दुखली नव्हती, हेही नमूद करतो.

पाठ दुखली ती पुढे. पेडणे आणि डिचोली या दोन्ही तालुक्यांची प्रकृती भिन्न आहे, पण रस्त्यांचे दुखणे एक. पेडण्यात मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून वाहता झाला आणि धारगळपर्यंतचा रस्ता रुंद, गुळगुळीत झाला. त्याच तालुक्यात मोरजी-मांद्र्याच्या वाड्यांतून जाणारा रस्ता मात्र बैलगाडीच्या मापाचा राहिला. डिचोलीने कित्येक दशके लोहखनिजाचे ट्रक सोसले. २०१२ साली खाणी थांबल्या, मध्यंतरी सुरू होऊन २०१८ साली पुन्हा बंद पडल्या, आणि अलीकडे लिलावानंतर तेथे पुन्हा हालचाल दिसू लागली. ट्रकांना आवर घालावा म्हणून गावोगावी रस्त्यांवर जे उंचवटे उठले, ते ट्रक असोत वा नसोत, जागचे हलले नाहीत. कोणी पंचायतीकडे अर्ज केला, कोणी अपघातानंतर मोर्चा नेला, कोठे ठेकेदाराने उरलेले डांबर ओतून टाकले. प्रत्येकाची उंची वेगळी, रुंदी वेगळी, आणि पांढरे पट्टे असलेच तर पहिल्या पावसापर्यंतचे.

यासंबंधी नियम नाहीत असे नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, ताशी २५ किलोमीटरांच्या वेगाने तो सुखाने ओलांडता यावा, त्यावर काळे-पांढरे पट्टे असावेत आणि ४० मीटर अलीकडे सूचनाफलक असावा. आता येथे थोडे गणित करणे मौजेचे आहे. अशा उंचवट्याच्या वर्तुळाची त्रिज्या सुमारे १७ मीटर भरते. ज्या मोटारीच्या पुढच्या-मागच्या चाकांत २.४५ मीटर अंतर आहे ती त्यावर चढली म्हणजे तिची कोणती ना कोणती चाके उंचवट्यावर असतातच, कारण उंचवटा तिच्याहून रुंद आहे. आणि म्हणून तिच्या पोटाखाली जेमतेम साडेचार सेंटिमीटर जागा पुरते. स्पोर्ट्स कारचा तळ सामान्यतः ११-१२ सेंटिमीटर उंच असतो. म्हणजे नियमाबरहुकूम गतिरोधकावरून ती निर्धास्त जाते! याउलट हातभर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच असा जो ओबडधोबड कट्टा आपण गतिरोधक म्हणून स्वीकारला आहे, तो पुढची चाके उतरल्यावर नेमका मोटारीच्या पोटाखाली येतो, आणि तेथे पूर्ण १५ सेंटिमीटर मोकळी जागा नसेल तर घासण्याखेरीज गत्यंतर नाही. मोटार ठेंगणी आहे हा निम्माच दोष. निम्मा कट्ट्याच्या आकाराचा आहे.

कारखानदारांनी यावर आपापल्या परीने उपाय काढले. पुढचा भाग बटन दाबून चार सेंटिमीटर उचलण्याची सोय काही मोटारींत असते. २०२२ साली पोर्शेने ९११ ची 'डकार' नावाची आवृत्तीच पाच सेंटिमीटर उंच करून काढली. श्रीमंतांचा प्रश्न असा श्रीमंतांच्या रीतीने सुटू शकतो, आणि तो सुटला तर मला दुःख नाही. केरी-तेरेखोलच्या फेरीबोटीवर ठेंगणी मोटार चढवताना उतरणीच्या टोकाशी तिचा जबडा टेकतो, ही तर त्या नदीची आणि भरती-ओहोटीची मर्जी आहे. तेथे धन्याने मोटार अलीकडे ठेवून पायी जावे.

प्रश्न सुटत नाही तो इतरांचा. त्या कट्ट्यावरून मोठ्या चाकांची उंच गाडी वेग फारसा न घटवता उडी मारून जाते, म्हणजे ज्याला आवरावयाचे तोच सुटतो. आणि सापडतो कोण, तर मागच्या चाकावर बसलेला बसचा उतारू, अंधारात पट्टे न दिसल्यामुळे स्कूटरवरून फेकली जाणारी कामावरून परतणारी मुलगी, आणि पेडण्याहून म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात नेला जाणारा, पाठीच्या कण्याला मार बसलेला रुग्ण. स्पोर्ट्स कारच्या चालकाला इजा होत नाही, त्याच्या बंपराला होते. पण रस्त्याचे दोष टिपण्याच्या कामी त्याच्या मोटारीइतके संवेदनशील यंत्र सार्वजनिक बांधकाम खात्यापाशीही नसेल, आणि ते फुकट गावभर हिंडत आहे.

यावर वाडीतील माणसे विचारतील, आणि त्यांना विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे, की हे कट्टे आम्ही हौसेने घातले काय? रात्री दोन वाजता गुरगुरत जाणाऱ्या याच मोटारींमुळे घातले. हे उत्तर मला निरुत्तर करते, अर्धे. मुक्तिपूर्व गोव्यात आयातीवरील बंधने सैल असल्यामुळे जर्मन आणि अमेरिकन मोटारी दिसत; त्या मोठ्या असूनही गावांना त्यांचा उपद्रव आजच्याइतका नसावा, कारण संख्या थोडी होती. आज वस्तीतून ताशी ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्याला दंड व्हावा, परवाना तहकूब व्हावा, आणि मोटार कितीही मोलाची असली तरी पोलीस ठाण्याच्या आवारात ऊन खात उभी राहावी. यांपैकी एकाही शिक्षेला माझी हरकत नाही. परंतु बेफाम चालकाची शिक्षा रुग्णवाहिकेतील रुग्णाने भोगावी, ही तजवीज कोणत्या न्यायात बसते ते मात्र कळत नाही.

चतुर्थीला मुंबई-पुण्याकडचे गावकरी पेडणे-डिचोलीत परततात, तेव्हा या रस्त्यांवर दाट वर्दळ असते. त्यापूर्वी खात्याने एक अभियंता, एक मोजपट्टी आणि एक साचा एवढ्या सामग्रीनिशी दोन्ही तालुक्यांतील प्रत्येक गतिरोधक मोजावा, जो नियमात बसत नाही तो खोदून ३.७ मीटरांचा करावा किंवा अजिबात काढून टाकावा, आणि केलेल्या कामाची यादी त्या त्या पंचायतीच्या फलकावर लावावी. मांद्र्यापासून आरंभ केला तरी चालेल. तेथला पहिला कट्टा कोणता, हे कोणत्याही स्पोर्ट्स कारचा धनी स्वखुशीने दाखवील.