शिकणारा हात

वरच्या वर्गात 'पुढे कोण होणार?' असा प्रश्न टाकला, की निदान पाचसहा हात 'डॉक्टर' म्हणून वर जातात. अलीकडे मुले तेवढ्यावर थांबत नाहीत. कोणाला हृदयाचा डॉक्टर व्हायचे असते, कोणाला मेंदूचा. आणि गेल्या वर्षी एका मुलीने 'मी पाठीच्या कण्याची सर्जन होणार' असे ठासून सांगितले. वर्ग हसला. आम्हांला मात्र आमच्या वाड्यावरच्या एका प्रसंगाची आठवण झाली.

पावसाळ्याचे दिवस होते. एक पाडेली ओल्या माडावरून घसरून खाली आला. हातापायांना धरून त्याला उचलायला चौघे सरसावले होते. पण एका जाणत्या गृहस्थाने त्यांना थोपविले, दाराची फळी उतरवून आणली आणि तिच्यावर सरळ निजवून त्याला सरकारी इस्पितळात पोचविले. कमरेचा पहिला मणका चुरडला होता. चार अक्षरे येणारा माणूस म्हणून आम्ही बरोबर होतो. खाटेभोवती एक वयस्क सर्जन आणि त्यांच्यामागे चारपाच तरुण डॉक्टर उभे होते. त्यांच्याकडे पाहून पाडेल्याच्या बायकोने हळूच विचारले, "मास्तर, हीं भुरगीं आमच्या मनशाचेर शिकतलीं?" ही पोरे आमच्या माणसावर शिकणार का? त्या वेळी आम्हांला उत्तर सुचले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर समजावे.

होय, शिकणार. दुसरा मार्गच नाही. एम. बी. बी. एस.ची साडेचार वर्षे, त्यानंतर इस्पितळातील सक्तीचे एक वर्ष, मग अस्थिशल्यशास्त्रातील एम. एस.ची 3 वर्षे आणि त्यापुढे केवळ कण्याच्या शस्त्रक्रियेसाठी राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा 2 वर्षांचा पाठ्यक्रम. मधे एकही वर्ष वाया गेले नाही असे धरले, तरी ही साडेदहा वर्षे होतात. जो मज्जाशल्यशास्त्राच्या, म्हणजे न्यूरोसर्जरीच्या वाटेने जातो, त्याला याहून अधिक काळ लागतो. हा हिशेब ऐकून पालकांचे चेहरे उतरतात. 'इतकी वर्षे कशाला? पाठच तर शिकायची!' असे एका गृहस्थांनी आम्हांला सरळ विचारले.

पण ती पाठ कशी आहे, हे एकदा पाहावे. मणक्यांची संख्या 33. त्यांपैकी खालचे नऊ मोठेपणी एकमेकांत जुळून गेलेले. त्यांच्या पोकळीतून बोटाएवढ्या जाडीचा मज्जारज्जू खाली उतरतो व कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. पुढे नुसता तंतूंचा झुबका. मोडलेला मणका सावरण्यासाठी वरच्या-खालच्या मणक्यांत स्क्रू बसवून ते सळ्यांनी जोडतात. हा स्क्रू हाडाच्या ज्या अरुंद देठातून न्यावयाचा, त्याची रुंदी काही मिलिमीटर. आतल्या बाजूला मज्जारज्जूची नळी, खालून निघणारी नस, आणि टोक फार पुढे गेले तर मोठ्या रक्तवाहिन्या. आता यंत्रे व क्ष-किरणांची चित्रे मदतीला असतात हे खरे. तथापि हाड कोठे भरीव लागते आणि कोठे पोकळ, हे बोटालाच समजावे लागते.

सुश्रुताला हे पुरते ठाऊक होते. कोहळा, दुध्या, काकडी यांवर कापणे, पाण्याने भरलेल्या कातड्याच्या पिशवीवर भेदणे, कमळाच्या देठावर शीर वेधणे असा सराव शिष्याकडून करवून घ्यावा, असे त्याने सांगून ठेवले आहे. आज कोहळ्याच्या जागी कृत्रिम हाडे व मृतदेह आले. ज्यांनी मरणोत्तर देह दिला, त्यांच्या पाठीवर चुकून कित्येक हात सुधारले असतील. त्यांचे ऋण आपण सहसा मोजत नाही.

एवढे शिकूनही माणूस अपुरा राहू शकतो, कारण कणा एका शास्त्राच्या मालकीचा नाही. घसरलेली चकती नस दाबते आणि त्यामुळे सायटिकाची कळ पायात उतरते, हे 1934 साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोघांनी दाखवून दिले. मिक्स्टर मज्जाशल्यवैद्य, बार अस्थिशल्यवैद्य. दोघे एकत्र बसले म्हणून कोडे उलगडले! तेव्हा एम. बी. बी. एस. होताच मुलाला थेट कण्याच्या विद्येत घालावे, ही सूचना आम्हांला मान्य नाही. पाठ दुखते ती कधी मूतखड्याने, कधी क्षयाने, कधी गाठीने. ज्याने पाठीपलीकडे काही पाहिलेच नाही, त्याला प्रत्येक दुखण्यात चकतीच दिसू लागेल.

आणि सुरी केव्हा उचलू नये, हे शिकायला तर सर्वांत अधिक काळ लागतो. सायटिकाचे बहुतेक रोगी काही आठवड्यांत शस्त्रक्रियेवाचून सुधारतात. आपल्या देशात कण्याचा क्षय पुष्कळ. त्यावर वाराणसीच्या डॉ. तुली यांनी मध्यममार्ग घालून दिला व 1975 साली त्याचे परिणाम प्रसिद्ध केले: आधी औषधे, आणि ज्यांना खरोखरच गरज आहे त्यांच्यावरच शस्त्रक्रिया. आपण मात्र 'किती ऑपरेशने केली?' एवढेच विचारतो. किती रोगी न कापता घरी पाठविले, हे विचारायचे कोणाला सुचत नाही.

आता त्या बाईच्या प्रश्नातील खरा काटा. पैसेवाला माणूस तयार हात निवडून घेतो. शिकाऊ हात बहुधा सरकारी इस्पितळातल्या गरिबाच्या वाट्याला येतो. आमच्या गोव्यात 1842 पासून वैद्यकाचे पद्धतशीर शिक्षण चालू आहे. तेव्हापासून किती शेतकरी, रापणकार, पाडेली न विचारता गुरू झाले असतील! आमचे म्हणणे एवढेच, की त्यांना विचारावे. कोण शिकणार, कोण शिकविणार, हे त्यांच्या भाषेत सांगावे. आणि शिकणारा हात एकटा असू नये. वरिष्ठ दुसऱ्या खोलीत, फोनवर किंवा खाजगी दवाखान्यात, आणि शिष्य टेबलापाशी, हे आम्हांला शिक्षण वाटत नाही. त्यासाठी सरकारी इस्पितळांत अनुभवी सर्जन टिकले पाहिजेत. त्याला पैसा लागेल, तो आपण सर्वांनी द्यावा.

पाडेली आता काठी घेऊन चालतो. माडावर चढणे संपले. अंगणात बसून नारळ सोलतो. स्क्रू कोणी बसविले, हे त्याच्या बायकोने पुढे कधी विचारले नाही. आम्ही विचारले होते. ते वयस्क सर्जन हात पुसत म्हणाले, "दोन मी, दोन त्या मुलाने. त्याच्या वेळी माझा हात त्याच्या हातावर होता."