निरोपाचा प्रवेश

स्वामिनिष्ठ योद्धा म्हटले की मराठी वाचकापुढे तानाजी मालुसरे उभा राहतो, आणि त्याच्यामागे उमरठ्याच्या घरातले थांबवलेले लग्न. मुलाच्या लग्नाआधी गड, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. इतक्या वेळा ऐकले की लग्न थांबले त्या घरात, मुलाच्या आईच्या मनात काय उमटले असेल, हा प्रश्नच आपल्याला पडेनासा झाला. माझी तक्रार तानाजीविषयी नाही. त्याचे घर एका वाक्यात आवरून टाकणाऱ्या आपल्या वाङ्मयाविषयी आहे.

सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासद बखरीत कोंढाण्याची चढाई आहे, रायबाचे लग्न नाही. ते येते तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून. इतिहासाचे अभ्यासक याकडे पदरची भर म्हणून पाहतात, आणि त्यांच्या जागी ते बरोबरच आहेत. मला मात्र त्या भरीतच शाहिराची जाण दिसते. निष्ठेला वजन यायचे तर तिच्यासाठी काहीतरी मागे टाकावे लागते, हे त्याने ओळखले. पुढच्यांनी त्याचे वाक्य उचलले, वजन तिथेच ठेवले. हरिभाऊ आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला'मध्ये स्त्रीचे दुःख आहे, पण ते उदयभानूने पकडून आणलेल्या कमलकुमारीचे. २०२० च्या हिंदी चित्रपटात तानाजीची पत्नी पडद्यावर आली खरी; पण नवऱ्याला बळ देण्यापलीकडे तिच्या वाट्याला फारसे काही आले नाही.

जपानी सामुराईकथेने हा हिशेब टाळला नाही. योजी यामादा यांच्या 'द ट्वायलाइट सामुराई' (२००२) या चित्रपटातला सेइबेई कुळाचा साधा कारकून आहे. क्षयाने गेलेल्या बायकोच्या अंत्यविधीसाठी त्याने आपली तलवार विकलेली असते. म्यानात बांबूचे पाते. कुळाची आज्ञा येते तेव्हा तो जातोच. पण त्या म्यानात घराची सगळी कहाणी भरलेली आहे.

असे आपल्याकडे नाहीच काय? आहे, आणि बरेच जुने आहे. श्रीधरस्वामींनी मराठीत आणलेल्या जैमिनी अश्वमेधातला सुधन्वा आठवा. हंसध्वज राजाची आज्ञा होती, रणात उशिरा येणाऱ्याला उकळत्या तेलात टाकावे. सुधन्वा राजपुत्र, निघण्याच्या तयारीत. पत्नी प्रभावती त्याला अडवते आणि पुत्र मागते. तिचे मागणे हट्ट नव्हे, धर्माला धरून आहे. तो थांबतो, उशीर होतो, आणि बाप स्वतःच्याच आज्ञेत अडकतो. कढईतले तेल भक्ताला जाळत नाही, हा कथेचा चमत्काराचा भाग. तो बाजूला ठेवला तरी पेच उरतोच. पत्नीचे मागणे आणि कुळाची आज्ञा दोन्ही खरी, आणि दोन्हींची किंमत एकाच माणसाने मोजायची. त्यानंतर तो रणात जातो आणि अर्जुनाशी लढून पडतो. पत्नीपाशी थांबला म्हणून कथा त्याला कमी शूर ठरवत नाही.

हा पेच अजून बोलता आहे तो दशावतारात. मिठबावपासून मालवणापर्यंतच्या किनाऱ्यावर जत्रांच्या रात्री देवळापुढे जे आख्यान रंगते, त्याला लिखित संहिता नसते. राजा युद्धाला निघतो आणि राणी त्याला अडवते. दोघेही पुरुष, दोघेही तयार नट. कथा कुठे जायची ते ठरलेले असते. वाद कसा घालायचा ते मात्र त्या रात्री ठरते. मी पाहिलेल्या खेळांत स्त्रीपार्ट करणाऱ्या नटाने एकदा मुद्दा पकडला की राजाला सुटका नसे. मागे पेटी आणि मृदंग थांबलेले, समोर घोंगडी-चादरी पांघरून बसलेल्या बायका कान देऊन ऐकत. राजा शेवटी जातोच, पण उत्तर देऊन जातो. आणि उत्तर लंगडे पडले तर प्रेक्षकांना ते कळते.

आपल्या ऐतिहासिक कादंबरीने हा प्रवेश पंचारती आणि कुंकवाच्या करंड्यावर भागवला. विद्यापीठांत आपण ती कादंबरी शिकवतो, आणि दशावतार लोकसाहित्याच्या प्रश्नपत्रिकेत टिपेपुरता उरतो. त्या निरोपाच्या दहा-पंधरा मिनिटांचे ध्वनिमुद्रण करून, संवाद उतरवून, कादंबरीतल्या निरोपाशेजारी ठेवून वाचणे पदव्युत्तर वर्गाला अशक्य नाही. कंपनीच्या मालकाची परवानगी तेवढी आधी घ्यावी, आणि नटाचे नाव त्याच्या संवादावर घालावे.