वाद लसीवर, मौन विश्रांतीवर

तरणाताठा पोरगा अचानक गेला की वाईच्या बाजारपेठेपासून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत एकच निकाल लागतो : 'लशीने गेला.' आपल्या चळवळीतले कार्यकर्तेही असे मेसेज बिनदिक्कत पुढे पाठवतात. ऐकीव आहे, सगळे म्हणतात, एवढ्यावरून काही मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. हा नियम देव-दैवाला लावायचा आणि मोबाईलवरच्या मेसेजला माफ करायचे, याला चिकित्सा म्हणत नाहीत.

म्हणून आधी पुरावा पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 18 ते 45 वयोगटातील, वरकरणी धडधाकट माणसांच्या अचानक मृत्यूंचा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध केला. देशभरातल्या 47 मोठ्या रुग्णालयांतून 729 मृत्यू घेतले आणि त्यांची तुलना 2,916 जिवंत व्यक्तींशी केली. लशीमुळे धोका वाढल्याचे दिसले नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो उलट कमी होता. धोका वाढलेला दिसला तो कोविडमुळे रुग्णालयात दाखल झालेल्यांत, घराण्यात अचानक मृत्यू झालेल्यांत, नशा करणाऱ्यांत आणि मृत्यूआधीच्या 48 तासांत अति दारू प्यालेल्या किंवा अति शारीरिक श्रम केलेल्यांत.

लशीला दुष्परिणाम नसतातच, असे नाही. कोव्हिशिल्डने अत्यंत क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, हे अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीने ब्रिटनच्या न्यायालयात मान्य केले आहे. पण क्वचित घडणारे कारण प्रत्येक तिरडीला चिकटवले की खरे कारण सुटून जाते.

खरे कारण काही वेळा विषाणू असू शकतो. कोविड, फ्लू, डेंग्यू यांसारख्या आजारांत काही रुग्णांच्या हृदयाच्या स्नायूला सूज येते. ताप उतरतो, सूज राहते. अशा हृदयावर ताण पडला तर ठोके बिघडतात आणि माणूस उभ्याउभ्या कोसळू शकतो. म्हणून अशा रुग्णाने तीन ते सहा महिने जोरकस श्रम टाळावेत, असे डॉक्टर सांगतात.

आता खरा प्रश्न येतो. हा सल्ला पाळणार कोण? जिमला जाणारा जिम बंद करेल. भुईंजच्या पट्ट्यात उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणारा काय बंद करेल? त्याचा व्यायाम हीच त्याची भाकरी आहे. त्याने उचल घेतलेली असते. खाडा केला की पैसे कापले जातात.

संशोधनाकडेही समाजशास्त्राच्या नजरेने पाहिले पाहिजे. या अभ्यासात मृत व्यक्तीची तुलना त्याच वयाच्या, त्याच लिंगाच्या आणि त्याच परिसरातल्या व्यक्तीशी केली. लशीचा प्रश्न सोडवायला ही पद्धत योग्यच. पण आपल्या गावांत परिसर म्हणजे बहुधा जात. वस्तीतल्या माणसाची तुलना वस्तीतल्याशीच केली, तर वस्ती आणि वाडा यांतला फरक दिसणार कसा? शिवाय जो मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचलाच नाही, तो या मोजणीत नाहीच.

बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री होते. त्या काळात कामगारांच्या आरोग्य विम्यावरचा अदारकर अहवाल आला आणि पुढे 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. या विम्यातल्या आजारी कामगाराला वर्षाला 91 दिवसांपर्यंत सुमारे 70 टक्के वेतन मिळते. 91 दिवस म्हणजे तीन महिने, सुजलेल्या हृदयाला लागणारी किमान विश्रांती! शेतमजुराला आणि ऊसतोड कामगाराला हे कवच आजही नाही.

म्हणून मेसेज पाठवण्यापेक्षा तीन कामे करूया. तापानंतर दम लागणे, छातीत दुखणे, धडधड, चक्कर यांना 'पित्त' म्हणून सोडू नका. ईसीजीचा आग्रह धरा. तरुणाचा अचानक मृत्यू झाला तर घरच्यांना समजावून शवविच्छेदन करून घ्या, नाहीतर कारण कायमचे जळून जाते. आणि मागणी करा, की अशा अभ्यासांत मृताचे काम आणि जात नोंदवावी आणि असंघटित मजुराला आजारपणात भरपगारी रजा मिळावी.

विश्रांती हे औषध असेल, तर ते फक्त पगारदारांनाच का मिळावे?

जय भीम!